समाजमाध्यमांवरील लाट आणि शेतमालाची थेट विक्री

(पुणे येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलामुलींनी अलीकडे एक विचार बोलून दाखवला असेल. माल यार्डात नेऊन पडेल भावाने विकण्यापेक्षा मोबाईलवर त्याचा व्हिडिओ टाकावा, ऑर्डर घ्यावी आणि पुण्यातल्या ग्राहकाच्या दारात माल पोहोचवावा. हा विचार चुकीचा नाही. कोथरूड, बाणेर, हिंजवडी, हडपसर या भागांतील हजारो कुटुंबे चांगला माल शोधत असतात आणि त्यांच्या हातात दिवसभर मोबाईल असतो. मात्र या मार्गाने व्यवसाय कसा वाढतो आणि कोठे बुडतो, हे समजून न घेता उतरल्यास पदरी निराशा येते.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांना आपण समाजमाध्यमे म्हणतो. त्यांवर एखादी गोष्ट एकाएकी सर्वांच्या तोंडी होते, तिला तरुण मंडळी 'ट्रेंड' म्हणतात. आपण तिला लाट म्हणू. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. लाट ग्राहकाला आपल्याकडे एकदा आणते. तो दुसऱ्यांदा येतो तो मालामुळे. आणि या धंद्यात नफा राहतो तो दुसऱ्या खरेदीपासून.

थेट विक्रीची वाट

थेट विक्री ही मोबाईलने आणलेली कल्पना नाही. मुळशी तालुक्यातील माण-बोडकेवाडी येथे श्री. ज्ञानेश्वर बोडके यांनी २००४ साली अभिनव फार्मर्स क्लब उभा केला. त्यातील शेतकऱ्यांनी पुण्यातील घरांपर्यंत भाजीपाला पोहोचवण्याची घडी बसवली. त्या काळी आपल्याकडे समाजमाध्यमे रुजलेली नव्हती. ठरलेला दिवस, ठरलेला माल आणि ओळखीचा ग्राहक, एवढ्यावर ते काम चालले.

पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान हाती घेतले आणि शहरांत शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी जागा मिळू लागल्या. स्वस्त इंटरनेटही २०१६ च्या अखेरीपासून खेडोपाडी पोहोचले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शहरातील ग्राहक स्वतः होऊन शेतकऱ्याचा फोन नंबर शोधू लागला. पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी 'किसानकनेक्ट' या नावाने एकत्र येऊन शहरांतील सोसायट्यांना भाजीपाल्याच्या टोपल्या पुरवल्या, ते याच काळात.

टाळेबंदीत असे व्हॉट्सॲप गट गावोगावी निघाले. टाळेबंदी उठल्यावर त्यांतील बरेच थंडावले. ज्यांनी प्रतवारी, वजन आणि वेळ सांभाळली होती, त्यांचे ग्राहक टिकले. बाकीच्यांचे ग्राहक कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे परत गेले. या अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे.

भोडणीचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात भोडणी हे गाव आहे. तेथील श्री. सत्यजित व श्री. अजिंक्य हंगे हे दोघे भाऊ एम. बी. ए. होऊन बँकांमध्ये नोकरी करत होते. नोकरी सोडून ते घरच्या शेतीकडे परतले आणि सेंद्रिय पद्धतीने शेती करू लागले. आज 'टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स' या नावाने त्यांचे तूप, गूळ, खपली गव्हाचे पीठ असे पदार्थ संकेतस्थळावरून देशात व परदेशात जातात. समाजमाध्यमांचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. २०२३ मध्ये अभिनेते अक्षयकुमार व क्रिकेटपटू वीरेंद्र सेहवाग यांनी, आणि २०२४ मध्ये रेनमॅटर या संस्थेने त्यांच्या व्यवसायात भांडवल गुंतवले.

हे उदाहरण ऐकून उद्याच मोबाईलचा स्टँड विकत घ्यावा असे वाटेल. पण क्रम लक्षात घ्यावा. आधी जमीन, मग माल, मग ओळखीचे ग्राहक आणि त्यानंतर मोठी प्रसिद्धी व भांडवल. बाहेरचा पैसा येईपर्यंत त्यांची शेतीत बरीच वर्षे गेली होती. शिवाय त्यांनी विकायला निवडलेले तूप, गूळ व पीठ हे टिकणारे पदार्थ आहेत. दोन दिवस उशीर झाला तरी ते नासत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला पदार्थ निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मेथीची जुडी आणि गुळाची ढेप यांचा ऑनलाइन प्रवास सारखा नसतो.

लाटा दोन प्रकारच्या

पहिली लाट ठरलेली असते. ती पंचांगातून येते. भोगीला बाजरी, संक्रांतीला तीळ-गूळ, अक्षय तृतीयेला आंबा, आषाढीला उपवासाचे पदार्थ, गणपतीत मोदकासाठी आंबेमोहोराची पिठी, दसऱ्याला झेंडू. या दिवसांत लोक आपणहून हे शब्द मोबाईलवर शोधतात. ही लाट कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असते. म्हणून तिची तयारी पेरणीपासून करता येते, आणि हे फक्त शेतकऱ्यालाच जमते.

हुरड्याचे पाहू. थंडी पडली की पुणेकरांच्या मोबाईलवर हुरडा पार्टीची छायाचित्रे फिरू लागतात. पुण्याभोवतीच्या कृषी पर्यटन केंद्रांना या दिवसांत गर्दी होते. परंतु ज्वारीचे दाणे हुरड्याच्या अवस्थेत थोडेच दिवस राहतात. एकाच दिवशी सगळी पेरणी केली तर एका आठवड्यात कणसे तयार होतात आणि पुढच्या शनिवार-रविवारी आलेल्या ग्राहकाला नाही म्हणावे लागते. यासाठी हुरड्याकरिता शिफारस केलेले राहुरी विद्यापीठाचे फुले उत्तरा किंवा परभणी विद्यापीठाचे परभणी वसंत यांसारखे वाण घ्यावे आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरणी करावी. व्हिडिओ डिसेंबरात टाकायचा असला, तरी विक्रीचे नियोजन पेरणीच्या वेळीच झालेले असावे.

दुसरी लाट अचानक येते. टाळेबंदीची लाट अशीच होती. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणीच्या पिठाला व पदार्थांना शहरात एकदम मागणी आली. ज्यांच्याकडे धान्य निवडलेले, पिशव्या तयार आणि नोंदणी झालेली होती, त्यांना तिचा लाभ झाला. इतरांची तयारी होईपर्यंत लोक दुसऱ्या विषयाकडे वळले होते. वळवाचा पाऊस नांगरलेल्या रानातच मुरतो, तसेच हे आहे.

शेतीतल्या जुन्या लाटा आठवा

आपल्याला लाटा नव्या नाहीत. इमू पालनाची लाट आपण पाहिली. २०१२ मध्ये तमिळनाडूत तो डोलारा कोसळला आणि आपल्याकडेही पक्षी सांभाळणाऱ्यांना गिऱ्हाईक उरले नाही. कडकनाथ कोंबडीपालनात २०१९ मध्ये सांगली भागात अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. दोन्ही वेळी पक्षी खाणारा ग्राहक थोडा होता. पिल्ले घेणारे शेतकरीच एकमेकांचे ग्राहक झाले होते. नवे शेतकरी येणे थांबले तेव्हा धंदाही थांबला.

आज मोबाईलच्या लाटेतही तोच धोका आहे. 'महिन्यात लाखो रुपये कमवा' म्हणून शिकवणी वर्ग विकणारे, पैसे घेऊन खोटे अनुयायी वाढवून देणारे, असे लोक तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. त्यांना पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : माल विकत घेऊन खाणारा ग्राहक यात कोठे आहे? पन्नास हजार लोकांनी आपला व्हिडिओ पाहिला, पण ते नागपूर, इंदूर, हैदराबादला राहत असतील, तर पुण्यात विकायच्या ताज्या अंजिराला त्यांचा काय उपयोग? त्यापेक्षा आपल्या टप्प्यातील दोनशे घरे मोलाची आहेत.

हिशेब मांडून पाहू

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपण आपले स्वतःचे आकडे घालावेत.

समजा आपण आंबेमोहोर तांदळाची ५ किलोची पिशवी विकतो. जागेवर व्यापाऱ्याला दिल्यास ७० रुपये किलोप्रमाणे ३५० रुपये मिळतात. ऑनलाइन ११० रुपये किलोप्रमाणे ५५० रुपये मिळतात. फरक २०० रुपयांचा. हा फरक पाहूनच माणूस या धंद्यात उतरतो. आता खर्च पाहू.

पिशवी व लेबल २५ रुपये. कुरिअर ९० रुपये. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचे २ टक्के शुल्क ११ रुपये. जाहिरातीवर १,००० रुपये खर्च करून २० ऑर्डरी आल्या, तर प्रत्येक पिशवीवर ५० रुपये. एकूण १७६ रुपये. हाती उरले २४ रुपये. यातही दर २० पिशव्यांत एक पिशवी वाटेत फाटून वाया गेली, तर तांदूळ, पिशवी व कुरिअर मिळून ४६५ रुपये बुडाले. ते २० पिशव्यांवर वाटले की प्रत्येकी सुमारे २३ रुपये होतात. म्हणजे पहिल्या विक्रीत शिल्लक राहिला १ रुपया. आपले श्रम तर यात धरलेलेच नाहीत.

आता तोच ग्राहक दोन महिन्यांनी पुन्हा मागणी करतो. या वेळी जाहिरात लागत नाही. त्याच्या सोसायटीतील आणखी नऊ घरांची मागणी एकत्र केली आणि आपल्याच टेम्पोतून माल नेला, तर पोहोच खर्च पिशवीमागे २५ रुपये धरू. पैसे यूपीआयने थेट आपल्या खात्यात येतात. खर्च झाला ५० रुपये. नुकसानीसाठी २० रुपये बाजूला ठेवले तरी १३० रुपये उरतात.

तांदूळ तोच, भाव तोच, ग्राहकही तोच. एक रुपयाचे एकशे तीस झाले ते दुसऱ्या खरेदीमुळे आणि एकत्रित पोहोचीमुळे. म्हणून लाटेवर आलेल्या पहिल्या ऑर्डरीत नफा शोधू नये. ती पुढच्या दहा ऑर्डरींची पेरणी आहे असे समजावे.

मागणी वाढली की काय करावे

व्हिडिओ गाजला आणि ऐंशी पिशव्यांचा माल असताना तीनशे ऑर्डरी आल्या, असा प्रसंग येऊ शकतो. या वेळी मोह होतो. शेजाऱ्याचा किंवा बाजारातला तांदूळ आणून आपल्या पिशवीत भरावा असे वाटते. हे कदापि करू नये. ग्राहक आपल्या शेताचा व्हिडिओ पाहून आलेला असतो. भात शिजला की त्याला फरक कळतो, आणि तो ज्या माध्यमावर आपल्याला भेटला त्याच माध्यमावर तक्रार लिहितो. ती तक्रार आपल्या व्हिडिओपेक्षा लवकर पसरते. ऐंशी पिशव्या झाल्या की 'या हंगामातील माल संपला' असे स्पष्ट लिहावे आणि उरलेल्यांची नावे पुढील हंगामासाठी नोंदवून ठेवावीत. गटातील दुसऱ्या शेतकऱ्याचा माल द्यायचाच असेल, तर त्याच्या गावाचे नाव सांगून द्यावा.

वही आपली, माध्यम दुसऱ्याचे

ऑर्कुट नावाचे माध्यम एके काळी घरोघरी होते. ते सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर खेड्यापाड्यांतील अनेकांचे लाखो चाहते होते. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली आणि त्या चाहत्यांशी असलेला संबंध एका रात्रीत तुटला. समाजमाध्यमावरील आपले पान हे दुसऱ्याच्या जागेतले दुकान आहे. जागामालक नियम बदलू शकतो. म्हणून ग्राहकांची यादी आपल्या वहीत असावी.

या वहीत नाव, फोन, सोसायटी, काय घेतले, कधी घेतले, तक्रार काय होती आणि पुन्हा कधी विचारायचे, एवढे रकाने पुरेत. ज्यांनी आपल्याकडून खरेदी केली आणि संदेश पाठवण्यास होकार दिला, त्यांचेच नंबर घ्यावेत.

२०१८ पासून मिळणारे व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप छोट्या विक्रेत्याला उपयोगी आहे. त्यात मालाची छायाचित्रे व भाव यांची यादी ठेवता येते. त्यातील ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकाच वेळी संदेश पाठवता येतो. परंतु ज्या ग्राहकाने आपला नंबर त्याच्या मोबाईलमध्ये साठवला आहे, त्यालाच तो संदेश मिळतो. यासाठी पहिली पिशवी देतानाच 'आमचा नंबर जतन करा' अशी विनंती करावी, आणि पिशवीवर नंबर ठळक छापावा. आठवड्यातून एकापेक्षा जास्त संदेश पाठवू नये. लोक कंटाळून नंबर बंद करतात.

व्हिडिओत काय असावे

गाणी आणि नाच यांची नक्कल करण्याची गरज नाही. शहरातल्या माणसाला जे दिसत नाही ते दाखवावे. भाताची लावणी, गुऱ्हाळातील काहील, अंजिराची पहाटेची तोडणी, प्रतवारी करताना बाजूला काढलेली फळे. अर्धा ते एक मिनिट पुरे. सकाळच्या उजेडात, आपल्याच बोलीत बोलावे. शेवटी माल, वजन, भाव, कोणत्या भागात व कोणत्या दिवशी पोहोच, एवढे सांगावे. पावसाने फळ डागाळले असेल तर तसे सांगून भाव कमी करावा. छायाचित्र हे आपण ग्राहकाला दिलेले वचन असते; खोक्यातला माल त्यापेक्षा कमी असू नये.

कायद्याच्या बाबी

१. शेतातील कच्चा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधून वगळले आहे. परंतु पीठ, तूप, लोणचे, मसाला असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकायचे झाल्यास एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना घ्यावा. अर्ज फॉसकॉस या शासकीय संकेतस्थळावर करता येतो.

२. पॅकबंद मालाच्या लेबलवर पदार्थाचे नाव, पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा.

३. 'सेंद्रिय' असे छापून पॅकबंद माल विकायचा असल्यास एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण करून घ्यावे.

४. पुरंदरचे अंजीर व मंगळवेढ्याची ज्वारी यांना २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशी नावे त्या क्षेत्रातील मालासाठीच वापरावीत आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. पुरंदर हायलँड्स या शेतकरी कंपनीने अंजिराच्या मानांकनाचा आधार घेऊन ताजे अंजीर व अंजिराचा रस परदेशी पाठवला आहे.

५. गाजलेल्या शब्दावर सगळा धंदा उभारू नये. २१ ऑगस्ट २०२४ रोजी एफएसएसएआयने दुधाच्या पदार्थांवरील 'ए-२' हा दावा काढून टाकण्यास सांगितले आणि २६ ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. त्या पाच दिवसांत लेबले छापून बसलेल्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. तुपाचा वास आणि चव हीच ज्याची ओळख आहे, त्याला अशा आदेशाची भीती कमी असते.

फसवणुकीपासून सावध

मोठी ऑर्डर देतो, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगून विक्रेत्याचेच खाते रिकामे केले जाते. एक नियम घरातील सर्वांना पाठ करून द्यावा : पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेच्या नोंदीवरून करावी. समोरच्याने पाठवलेल्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पहिल्या हंगामाचा आराखडा

१. एकच टिकाऊ पदार्थ निवडावा आणि एकूण मालापैकी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त ऑनलाइन विक्रीसाठी ठेवू नये. बाकीचा नेहमीच्या बाजारात जाऊ द्यावा.

२. शहराचा एकच भाग व पोहोचीचा एकच वार ठरवावा.

३. पहिली पन्नास घरे ओळखीतून जोडावीत. त्यांची मते ऐकून पिशवी, वजन, प्रतवारी सुधारावी. त्यानंतरच जाहिरातीवर खर्च करावा.

४. सणांचे वेळापत्रक भिंतीवर लावून त्याप्रमाणे पेरणी, साठवण व व्हिडिओ यांची तारीख ठरवावी.

५. हंगामाच्या शेवटी किती लोकांनी व्हिडिओ पाहिला हे मोजण्यापेक्षा किती घरांनी दुसऱ्यांदा माल घेतला ते मोजावे. पन्नासपैकी निम्मी घरे परत आली तर पुढच्या हंगामात शंभर घरांकडे जावे. दहाही परत आली नाहीत, तर दोष मालात आहे की पोहोचीत ते शोधावे. तोवर जाहिरात वाढवू नये.

६. एकट्याने सर्व करणे अवघड आहे. चार-पाच शेतकऱ्यांनी गट करावा. एकाने शेत, एकाने प्रतवारी, एकाने टेम्पो, आणि घरातील शिकलेल्या मुलीने किंवा सुनेने हिशेब व मोबाईल सांभाळावा. मात्र या कामाचा तिला नफ्यात वाटा द्यावा.

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांनी हा मार्ग सुचवला तर त्यांना अडवू नका. त्यांच्या हातात मोबाईल आहे, तुमच्या हातात मालाची पारख आहे. दोन्ही एकत्र आल्यास पुणे शहर आपल्याला दूर नाही. येत्या हंगामात पन्नास घरांपासून सुरुवात करावी आणि वहीचे पहिले पान आजच आखावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.